अर्ध्याची फळी

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याच्या कानापर्यंत नुसता आवाज पोचतो, गोष्ट वाटेतच सांडते. गोष्ट तशी मोठी नाही. एका बाईची आहे, तिच्या पुस्तकांच्या लहानशा दुकानाची आहे, आणि एका सोमवारी तिच्या हातून झालेल्या चुकीची आहे. आता चूक कुणाच्या हातून होत नाही? पण अवगुणातून झालेली चूक माणूस हात झटकून विसरतो. गुणातून झालेली अंगाला चिकटून बसते. ही तशातली आहे, म्हणून सांगण्याजोगी.

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि वहिनी फडकं घेऊन मागची फळी पुसत होत्या. फळी पुसताना त्या पुस्तकांकडे बघत नसत. हात डावीकडून निघायचा आणि जाडीवरून ओळखत जायचा: हे बारकं, हे त्याहून बारकं, हे सिस्टरचं, हे ड्रायव्हिंग मास्तरांचं, आणि मग ते जाडजूड, ज्याच्यावर हात जरा थांबायचा, जसा जिन्याच्या वळणावर थांबतो. आज हात थांबायला गेला आणि खाली गेला. पायरी असेल असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. वहिनींनी बघितलं. मास्तरांचं पुस्तक शेजारच्या पुस्तकावर कलून पडलं होतं, जणू मधलं कुणी उठून गेल्यावर दोघं डुलकी काढत बसलेत. मगच आठवलं की ते जाडजूड कुठं गेलं. चोरीला गेलं असतं तर बरं झालं असतं असा विचार मनात येऊन गेला, आणि तो आल्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

त्या फळीला सगळे अर्ध्याची फळी म्हणत. वहिनींच्या नवऱ्यानं ती चालू केली होती. गिऱ्हाईक त्याला भाऊ म्हणायचे, म्हणून ह्या सगळ्यांच्या वहिनी; भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली तरी नातं तेवढं राहिलं. इतर दुकानदार उभ्यानं वाचणारा दिसला की खाकरतात. भाऊ स्टूल पुढे करायचे. ज्याला पुस्तक घरी नेता येत नाही, कारण काही का असेना, त्यानं इथंच वाचावं; उठताना आपली खूण घालावी, कागदाचा कपटा, दोरा, काहीही, आणि पुस्तक त्या फळीवर ठेवावं. खूण आहे तोवर ते पुस्तक विकायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी उघडायचंही नाही. "एकाच्या ताटात दुसऱ्यानं हात घालू नये," भाऊ म्हणायचे. सिस्टर म्हणजे पलीकडच्या मोठ्या इस्पितळातली परिचारिका. तिच्या घरी चार माणसं आणि एक दिवा, म्हणून ती पाळी संपली की इथं येऊन पाऊण तास वाचायची. ड्रायव्हिंग मास्तरांची बायको कादंबऱ्यांना थिल्लर म्हणायची, म्हणून ते इथं. आणि जाडजूड पुस्तक होतं ते घड्याळजींचं. घड्याळजींचं दुकान भिंतीला भिंत लागून. बायको, मूल, काही नाही. एक डोळा तरुणपणीच अधू, दुसऱ्याला भिंग लावून चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं नीट केलेली. ते स्वतःला भाऊंचा धाकटा भाऊ म्हणवून घ्यायचे आणि वहिनी त्यांना भावजी म्हणायच्या. रोज दोन वाजता ते यायचे, एक पान वाचायचे, फार तर सव्वा, कारण त्यापुढे डोळ्यातून पाणी यायचं. मग पुस्तक मिटून, गल्ल्याशी येऊन, आज काय झालं ते वहिनींना सांगायचे. चौदा महिने. चारशे बारा पानं झाली होती, अडतीस राहिली होती. आणि आता त्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवार दिला होता. नंतर दिसेल का, यावर डॉक्टर म्हणाले होते, बघू. "डॉक्टरनं बघू म्हणावं म्हणजे गंमतच," भावजी शनिवारी म्हणाले होते. "सोमवार तपासण्यांत जाईल. मंगळवारी आणि बुधवारी दुकान बंद ठेवतो आणि इथंच बसतो. अडतीस पानं उरकतो. डोळा जायचाच असेल तर वापरून जाऊ दे."

त्या सोमवारी सकाळी दहाला एक माणूस आला होता. उंच, चाकाची बॅग ओढत, दाराशी गाडी उभी. लांबचा प्रवास आहे म्हणाला, काहीतरी जाड द्या, पण रडवणारं नको. वहिनींनी दोन-तीन पुस्तकं दाखवली. त्यानं उलटीपालटी करून ठेवली. मग सहज, अगदी सहज त्यांच्या तोंडून निघालं, "समुद्राचं चालेल?" आणि त्या सांगू लागल्या. वाळूत रुतलेलं जहाज. एकोणीस खलाशी. कप्तानाची वाचा गेलेली, त्यामुळे हुकूम सुटत नाही आणि हुकमावाचून कुणाला हलता येत नाही. फक्त आचाऱ्याला कुणाच्या हुकमाची सवय नव्हती, भूक हाच त्याचा कप्तान. म्हणून तोच रोज उठून चूल पेटवतो, चुलीत घालायला काही उरत नाही तेव्हासुद्धा, कारण धूर दिसला की माणसं म्हणतात अजून आपण आहोत. शेवटी गोडं पाणी संपतं आणि तो आचारी दोघांना घेऊन होडीतून निघतो. इथं वहिनी थांबल्या होत्या, जिथं भावजी थांबायचे तिथंच, आणि भावजींसारखंच भुवई उचलून. बाहेर गाडीवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. त्या माणसानं बॅगेची मूठ सोडून दिली होती. "मग?" तो म्हणाला. "मग वाचा की," वहिनी म्हणाल्या, आणि तो हसून म्हणाला, "हेच द्या." आणि त्यांनी दिलं. हातानं काढून, फडक्यानं पुसून, कागदात बांधून दिलं. आतली खूण, घड्याळाच्या पट्ट्याचा तुकडा, आतच राहिली. गाडी गेल्यावर कितीतरी वेळ त्यांना छान वाटत होतं.

ते छान वाटणं आता आठवत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. विसर पडला, असं त्या कुणालाही सांगू शकल्या असत्या. वय झालं, छप्पन्न म्हणजे काही कमी नाही. पण विसर नव्हता पडला. हात फळीकडे गेला तेव्हा त्या कुठल्या तरी कोपऱ्यात जाणून होत्या ही कुठली फळी आहे. पण सांगण्याचा रंग चढला होता, आणि रंग चढलेल्या माणसाला समोरचा मान डोलावतो आहे एवढंच दिसतं. देवानं जीभ दिली ती दुसऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून; आपण तिनं दुसऱ्याचा घास काढून तिसऱ्याला भरवला. आणि तो घास तरी आपण कुठं चाखला होता? इथं वहिनींचं मन नेहमीप्रमाणे कूस बदलून दुसरीकडे निघालं, पण आज वाट सापडली नाही. खरी गोष्ट अशी होती, आणि त्यांच्या समजुतीनं ती भाऊंशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, की वहिनींनी जन्मात एकही पुस्तक वाचलं नव्हतं. अक्षरओळख होती. पुस्तकांची नावं, पत्ते, दुकानांवरच्या पाट्या, सगळं वाचता यायचं. पण भरलेलं पान समोर आलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या. चौथीत असताना त्यांना उभं करून धडा वाचायला लावला होता. दुसऱ्याच ओळीवर त्या तीनदा अडखळल्या आणि सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. त्या खाली बसल्या त्या बसल्याच. पुढे लग्न झालं ते नेमकं पुस्तकवाल्याशी. त्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि काही बोलला नाही. संध्याकाळी त्या गठ्ठे बांधायच्या आणि तो शेजारी बसून मोठ्यानं वाचायचा. तो गेल्यावर दुकान चालवायचं कसं? तर कानांनी. जो जे वाचेल ते तो गल्ल्याशी येऊन सांगतो, सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही. वहिनी ऐकायच्या, एक शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. "वहिनींचं वाचन म्हणजे दांडगं हो," लोक म्हणायचे. वहिनी नुसत्या हसायच्या. त्या हसण्यात नऊ वर्षं गेली होती.

फोन केले. वितरक म्हणाला, ती आवृत्ती केव्हाच संपली, छापणाऱ्यानं धंदा बंद करून रंगाचं दुकान टाकलं. दुसऱ्या दोघा दुकानदारांनी शोधून सांगतो म्हणून शोधलं नाही, तिसऱ्यानं खरंच शोधलं आणि नाही म्हणाला. सहाला सिस्टर आली, तिच्या पाठोपाठ मास्तर आले, आणि वहिनींनी त्यांना पुस्तक विकलं गेल्याचं सांगितलं. कसं विकलं गेलं ते नाही सांगितलं. मास्तर स्टूल ओढून बसले.

"आपल्यापैकी कुणी वाचलंय का हो ते?" वहिनींनी विचारलं.

"कसं वाचणार?" सिस्टर म्हणाली. "चौदा महिने त्यात खूण होती. आपलाच नियम."

"नियम पाळला की असं होतं," मास्तर म्हणाले. "म्हणून मी शिकाऊ लोकांना सांगतो, नियम पाठ करा, पण समोर म्हैस आली तर ब्रेक दाबा."

"मास्तर, इथं म्हैस कुठून आली?"

"उदाहरण दिलं."

सिस्टर हसली नाही. बारा तास उभं राहून आलेली, पायांतल्या चपला काढून गार फरशीवर पाय टेकून बसली होती. मग म्हणाली, "पण वहिनी, तुम्ही तर वाचलं असेलच ना? दुकानातलं असं काय आहे जे तुम्ही वाचलेलं नाही? मग त्यात काय. शेवट सांगून टाका त्यांना. डोळ्यांनाही तेवढाच आराम."

वहिनींनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "हो," त्या म्हणाल्या. "सांगते." इतकं सोपं होतं ते. एक हो. नऊ वर्षांच्या हसण्यावर ते सहज बसलं.

रात्री त्यांनी शेवट रचला नाही; रचायची गरजच नव्हती, नुसतं मनाला सैल सोडलं की होडी आपोआप दिसत होती. आचारी परत येणार. दोघांपैकी एक जण तापात जाणार, कारण सगळेच परत आले तर कुणाला खरं वाटत नाही. पाण्याचं पिंप घेऊन आचारी वाळूवर उतरेल आणि जहाजातून धूर निघत असलेला बघेल. म्हणजे त्याच्या मागे दुसऱ्या कुणीतरी चूल पेटती ठेवलेली असेल. कप्तानानं. हे सुचलं तेव्हा वहिनींना अंधारात स्वतःशीच बरं वाटलं, आणि लगेच सकाळचं ते छान वाटणं आठवून त्या उठून बसल्या.

मंगळवारी दोनला घड्याळजी आले. दुकान खरंच बंद ठेवलं होतं, नवा सदरा घातला होता, कुणाकडे पाहुणा म्हणून निघाल्यासारखा. फळीकडे गेले, हात लावून चाचपलं, आणि वळले. डोळ्याच्या कडेला आताच लाली होती.

"भावजी, त्याची बांधणी सुटली होती," वहिनी म्हणाल्या. "शिवायला दिलंय. आठ दिवस लागतील."

"गुरुवारच्या आत नाही?"

"नाही ना. पण मी वाचलंय ते. मी सांगते. बसा."

ते बसले. कुरकुरले नाहीत. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "चारशे बारा. होडी खडकाच्या आड गेलीय." वहिनी सांगू लागल्या. सुरुवात चांगली झाली. खडकामागची खाडी आली, तहान आली, दोघांचं भांडण आलं. भावजींचा चेहरा ऐकता ऐकता लहान मुलासारखा उघडत गेला. आणि वहिनींना एक नवीनच गोष्ट कळली, की आजवर त्यांनी कुणाला सांगितलं ते कुणाचं तरी खरं होतं. ते कुणी डोळ्यांनी मिळवून आणलेलं होतं, एकेक पान, पाणी पुसत. आज त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं काही नव्हतं. समोरचा माणूस ज्यासाठी उरलासुरला डोळा खर्च करायला निघाला होता, त्याच्या जागी त्या काहीतरी ठेवत होत्या, आणि तो ते कायमचं घेऊन जाणार होता. परवा डोळ्यावर पट्टी बसली की तपासायला परत येता येणार नव्हतं. पिंप भरलं. होडी वळली. आता किनारा दिसायचा, आणि वहिनी बोलेनाशा झाल्या.

"मग?" भावजी म्हणाले. "येतो का तो?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी वाचलेलं नाही, भावजी. हे नाही आणि दुसरंही कुठलं नाही. मला धड वाचताच येत नाही. पुस्तक शिवायला दिलेलं नाही, विकलं. काल सकाळी. तुम्ही मला सांगितलेलंच मी त्या माणसाला सांगितलं, इतकं छान सांगितलं की तो घेऊनच गेला. मला भान राहिलं नाही. नाही, भान होतं. राहू दिलं नाही."

घड्याळजींनी डोळे उघडले. "वाचता येत नाही, हे मला कधीचं ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी एकदा तुमच्यापुढे पुस्तक उलटं धरलं होतं. तुम्ही न बघताच म्हणालात, छान आहे. त्याचं काही नाही. पण ते दुसरं, वहिनी." ते उठले. "चौदा महिने. भाऊ असता तर हे झालं नसतं." एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. सदऱ्याची कॉलर नीट केली आणि गेले, आणि शेजारच्या बंद दुकानाचं कुलूप उघडून आत जाऊन बसल्याचा आवाज भिंतीतून आला. बुधवारी ते आले नाहीत. वहिनींनी भिंतीला कान लावला नाही, पण कान भिंतीपाशीच होता. आत सगळी घड्याळं चालत होती.

शुक्रवारी सिस्टरनं बातमी आणली. ऑपरेशन झालं. आठ दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही, असंच असतं त्यात. डोळ्याचं काय ते आताच सांगता येत नाही.

"काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं ना. पाणी कधी मिळेल म्हणून."

"आणखी?"

"वहिनी," सिस्टर म्हणाली, "ते रागावलेत. रागावू द्या की. रागावलेला रोगी लवकर बरा होतो, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. खाट एकोणीस."

शनिवारी सकाळी वहिनींनी दुकान उघडलं नाही. आत उभ्या राहिल्या आणि फळ्यांवरून नजर फिरवली, हात नाही. एकेका पुस्तकापाशी कुणाचा तरी आवाज होता: हे मास्तरांनी सांगितलेलं, हे एका शिक्षिकाबाईंनी, हे भाऊंनी गठ्ठे बांधताना वाचलेलं. त्यांना असं पुस्तक हवं होतं, ज्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलेलं नाही, म्हणजे लबाडी करायला जागाच उरणार नाही. वरच्या कोपऱ्यात एक सापडलं, निळसर, दीडशे पानांचं. कशावर आहे हेही ठाऊक नव्हतं. पिशवीत घालून त्या निघाल्या, आणि रस्ताभर चौथीतल्या मुलीचे पाय त्यांच्या पायांत होते.

एकोणीस नंबरच्या खाटेवर भावजी पालथे होते, कपाळाखाली गोल उशी, तोंड जमिनीकडे. पाठ एवढी अरुंद असेल असं कधी वाटलं नव्हतं. वहिनींनी स्टूल ओढलं. पावलांवरून त्यांनी ओळखलं असणार, कारण कोण म्हणून विचारलं नाही, आणि बोललेही नाहीत. वहिनींनी पुस्तक उघडलं. ओळी लगेच एकमेकींवर चढू लागल्या. त्यांनी बोट टेकलं, एका शब्दाखाली, आणि तो उच्चारला. मग पुढचा. पहिलं वाक्य तेरा शब्दांचं होतं आणि त्यात त्या चारदा अडखळल्या. कुणीतरी म्हातारी आपल्या अंगणातली विहीर बुजवू देत नाही, असं काहीसं होतं. काय होतं ते कळायला परत मागे जावं लागत होतं, आणि त्या जात होत्या, घाम पुसत, मोठ्यानं, अख्ख्या वॉर्डासमोर. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अर्धं पान व्हायला पाव तास लागला.

शेजारच्या अठरा नंबरवर एक म्हातारा होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. तो म्हणाला, "अहो बाई, जरा मोठ्यांदा. आणि ती विहीर कुणाची म्हणालात?"

"म्हातारीची."

"मग बरोबर आहे. नाहीच बुजवू देणार. पुढं?"

वहिनी पुढे गेल्या. पुन्हा एका जोडाक्षरावर अडल्या. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं. आणि खालून, जमिनीकडे तोंड असलेल्या माणसाचा, उशीत दबलेला आवाज आला.

"घाई कशाला करता? मी सव्वा पानाच्या वर कधी गेलोय का? तो शब्द सोडा, पुढचा घ्या. मागाहून आपोआप कळतो."

वहिनींनी तो शब्द सोडला. पुढचा घेतला.

सांगायला आनंद वाटतो की त्या रोज गेल्या, भावजींना घरी सोडेपर्यंत. भावजींच्या डोळ्यात थोडा उजेड परत आला. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचे काटे दिसतात, मनगटावरचे नाहीत, आणि भिंग त्यांनी कायमचं काढून ठेवलं आहे. त्या आचाऱ्याचं काय झालं ते आजतागायत दोघांनाही ठाऊक नाही. भावजी त्यावरून अधूनमधून टोमणा मारतात, आणि तो मारायचा त्यांना हक्कच आहे. दोन वाजता ते येतात, वहिनी बोट टेकून वाचतात, सिस्टर आणि मास्तर वेळ जमेल तसे येऊन बसतात. आता वहिनी कमी वेळा अडखळतात, आणि अडखळल्या तरी कुणी हसत नाही, मास्तर सोडून.

पण माझं मागणं वेगळं आहे. अठरा नंबरचा तो म्हातारा चौथ्या दिवशी घरी गेला. विहीर त्या वेळी नुकती निम्मी बुजली होती. मुलाचा हात धरून दारापर्यंत गेला, आणि तिथून ओरडून म्हणाला, "बाई, माझ्यासाठी थांबू नका हं, तुम्ही वाचा." त्याचं नाव वहिनींनी विचारलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. पाऊण कान देऊन ऐकणारे पुष्कळ असतात. पण दुसऱ्याच्या खाटेवरची गोष्ट आपली समजून "जरा मोठ्यांदा" म्हणणारा एखादाच. तुम्ही आता उठाल, घरी जाल, हातपाय धुवाल. देवापुढे दिवा लावताना आपल्या माणसांची नावं मनाशी घेता ना, त्यांच्यानंतर एक क्षण थांबून त्याचीही आठवण काढा.